निंबाच्या सावलीतली आमरी

रनाळे, ता. जि. नंदुरबार

आदरणीय वहिनींस,


उन्हाळ्यात आमरी, म्हणजे ऑर्किड, अंगणात ठेवावी की घरात घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. माझं मत आहे, अंगणातच ठेवा, पण निंबाच्या सावलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून धास्ती वाटणं साहजिक आहे. पण आमरी फक्त ओल्या, सदाहरित रानात जगते, हा समज खरा नाही. रास्ना नावाने ओळखली जाणारी वांडा टेसेलाटा पानझडी रानांत आंब्या-मोहाच्या खोडांवर वाढते आणि उन्हाळ्यातही फुलते. तिची जाड पानं पाणी धरून ठेवतात. पानांवरची छिद्रं ती दिवसा मिटते, रात्री उघडते. मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरडं मूळ रुपेरी दिसतं, पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवं होतं. ते पुन्हा पांढरं पडलं की पाण्याची वेळ झाली असं समजा.

तिचा खरा वैरी आहे तो तापलेला कोरडा वारा. केळीच्या बागेला कडेने शेवरी लावतात ती याच वाऱ्यासाठी. तेव्हा पश्चिमेला हिरवी जाळी बांधा आणि खाली ओल्या वाळूचं घमेलं ठेवा. माती नको, लाकडी टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे घाला. पाणी पहाटे द्या, झळा फार असतील तर दिवस कलताना पुन्हा. मात्र शेंड्यात साचू देऊ नका.

घरात गारवा असतो, हे खरं. पण उजेड आणि खेळती हवा नसली तर वांडा फुलत नाही. दुकानातली रुंद पानांची फॅलेनॉप्सिस मात्र नाजूक. ती आत घेतलेलीच बरी. आमरी निंबाचा रस शोषेल, ही शंकाही सोडा. तसं करतं ते बांडगूळ; आमरी नुसता आधार घेते.

एकच विनंती. तोरणमाळच्या रानातून रोप आणू नका. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रानात रुजतं. तिथून काढलेल्या रोपाची जागा लवकर भरत नाही. रोप रोपवाटिकेतूनच घ्या.

आपला,
भाऊ