रिकाम्या हाताची विद्या

मारामारीच्या चित्रपटांचे आम्हांला वावडे नाही. ज्यांचे तारुण्य अमिताभ बच्चनच्या ऐन भरातील काळात गेले, त्यांनी तसे सोवळे पाळण्यात अर्थही नाही. मात्र मारामारीचा चित्रपट आणि मारामारीविषयीचा चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात हात चालतात. दुसऱ्यात हात केव्हा चालवावा आणि केव्हा आवरावा, याचा विचार असतो. हा विचार सहकुटुंब पाहता येईल अशा हसतखेळत रीतीने मांडणारे चित्रपट थोडे, आणि त्यांत १९८४ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘द कराटे किड’चा मान मोठा आहे. चाळीस वर्षे उलटली तरी त्याची पिलावळ चालू आहे. २०१० साली जॅकी चॅनला घेऊन तो नव्याने निघाला, २०१८पासून ‘कोब्रा काय’ ही मालिका आली आणि २०२५मध्ये आणखी एक चित्रपट आला. परंतु मूळ झऱ्याच्या पाण्याची चव निराळीच.

कथा एका ओळीत सांगण्यासारखी आहे. डॅनियल नावाचा कोवळा मुलगा आईच्या नोकरीपायी न्यू जर्सीतले नेवार्क सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या रेसिडा उपनगरात येतो. नवे गाव, नवी शाळा, बोलण्याची ढब निराळी, वडील नाहीत. कराटे शिकलेली दांडगी मुले त्याला गाठून बुकलतात. तो राहतो त्या चाळवजा इमारतीत नळ-दिवे दुरुस्त करणारा मियागी नावाचा एक म्हातारा जपानी आहे. तो या मुलाला वाचवतो आणि शिकवतो. शेवटी स्पर्धा होते आणि मुलगा जिंकतो.

हे सारे दूर अमेरिकेतले. उधन्यातल्या मराठी माणसाला त्याचे काय, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, उधन्यातल्याच माणसाला त्याचे अधिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून इकडे आली. कोणी मागावर आले, कोणी कारखान्यात, कोणी आमच्यासारखे सरकारी कचेरीत. बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी, अंथरुणे आणि देव्हारा मोजून घेतला जातो. पण घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे मागे काय राहिले, याची यादी कोणी करीत नाही. डॅनियलची आई नव्या गावाविषयी उत्साहाने बोलत असते आणि मुलगा मान डोलावीत असतो. हा प्रसंग आपल्या कितीतरी घरांत घडून गेलेला आहे.

आमच्या घरात तो दोन वर्षांपूर्वी घडला. चिरंजीव नोकरीनिमित्त बरीच वर्षे जळगावी होते. ते बदली होऊन इकडे परतले आणि नातू येथील एका शाळेत दाखल झाला. त्याचे गुजराती नवे होते. ‘चमचो’ या शब्दातला ‘च’ तो आपल्या मराठी चमच्यातल्या ‘च’सारखा दातांवर उच्चारी. तेवढे निमित्त वर्गातल्या चौघांना पुरले. आधी नक्कल झाली, मग दप्तर लपवणे, मग जिन्यात धक्के. त्याने घरी काही सांगितले नाही. फक्त बोलणे कमी केले, आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्याशी अहिराणीत बोलणे सोडले. आजीने ‘काय रे भाऊ, जेवना का?’ म्हटले की तो हिंदीत उत्तर देई.

घरात दोन पक्ष पडले. आमच्या पिढीचा उपाय ठरलेला: परगावी आलो आहोत, सोसावे, अभ्यासात पुढे जावे. चिरंजीवांचा उपाय तितकाच ठरलेला: कराटेचा वर्ग लावू, एकाला धरून वाजव, बाकीचे आपोआप गप्प बसतील. या दोन पक्षांमध्ये तो मुलगा उभा होता आणि त्याला दोन्ही उपायांची भीती वाटत होती. अशा दिवसांत एका रविवारी आम्ही तीन पिढ्यांनी हा चित्रपट मिळून पाहिला.

मियागीची शिकवण्याची तऱ्हा आता जगप्रसिद्ध आहे. मुलगा कराटे शिकायला येतो, तर हा म्हातारा त्याला जुन्या मोटारी पुसायला लावतो: एका हाताने मेण लाव, दुसऱ्या हाताने पूस. मग लाकडी जमीन घासणे, कुंपण रंगवणे, घर रंगवणे. चार दिवसांनी मुलगा चिडतो. तेव्हा मियागी त्याच्यावर ठोसे टाकू लागतो आणि पुसणारे, घासणारे, रंगवणारे तेच हात प्रत्येक ठोसा आपोआप अडवतात. नातू येथे मोठ्याने हसला. आम्हांला मात्र आपली तालीम आठवली. आपल्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुस्ती कोण देत असे? त्याने फावडे घेऊन हौद्यातली तांबडी माती उकरायची, तीत ताक, हळद, तेल कालवायचे, मग जोर-बैठका. महिनाभराने त्याला कळे की खांदे आणि कंबर त्या फावड्यानेच घडवली. ओकिनावा बेटावरची विद्या आणि आपल्या लाल मातीतली विद्या एकमेकींना न भेटताही एकाच वाटेने चालल्या.

आणि याचे उदाहरण शोधायला कोल्हापूरला जाण्याचे कारण नाही. ते आपल्या गुजरातेतच, बडोद्यात आहे. तेथील जुम्मादादा व्यायाम मंदिर मराठी वाचकांना परिचित असेल. प्रोफेसर माणिकराव या मराठी व्यायामाचार्यांनी ते नावारूपाला आणले. परंतु संस्थेला नाव दिले ते आपल्या मुसलमान वस्तादाचे. परमुलखात वाढलेल्या एका मराठी माणसाने गुरूचा धर्म, भाषा न पाहता त्याच्या नावाची पाटी दारावर लावली, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही कुस्तीच्या डावाहून मोठी वाटते. डॅनियल इटालियन वंशाचा, मियागी ओकिनावाचा. त्यांचे नाते याच जातीचे आहे.

‘कराटे’ या शब्दाचा आज जो अर्थ घेतात तो ‘रिकामा हात’ असा आहे. पूर्वी तो ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. १९३०च्या दशकात अक्षर बदलले, उच्चार तोच राहिला. म्हणजे ही विद्यासुद्धा स्थलांतरितच: चीनकडून ओकिनावात, तेथून १९२०च्या दशकात जपानच्या मुख्य भूमीवर, पुढे अमेरिकेत. कथालेखक रॉबर्ट केमन यांनी तारुण्यात स्वतः दांडगाईचा मार खाल्ला होता. त्यांना पहिला गुरू सूडाची भाषा करणारा मिळाला. मग ते ओकिनावाच्या परंपरेकडे वळले. चित्रपटातले दोन गुरू, ‘दया दाखवू नका’ असे शिकवणारा क्रीस आणि झाडे छाटीत बसणारा मियागी, येथूनच आले.

या हलक्याफुलक्या चित्रपटाच्या मध्यभागी एक जड दगड ठेवलेला आहे. एका रात्री मियागी दारू पिऊन, जुना लष्करी गणवेश घालून बसलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या बाजूने लढत असताना, त्याच अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांसाठी उघडलेल्या छावणीत त्याची पत्नी व नवजात बाळ बाळंतपणात दगावले. सुमारे एक लाख वीस हजार माणसे अशा छावण्यांत डांबली गेली होती. १९८८ साली त्या सरकारने रीतसर क्षमा मागितली. मियागी झालेले पॅट मोरिटा लहानपणी अशाच छावणीत राहिले होते. हा प्रसंग कापावा असे निर्मात्यांकडून सुचवले गेले. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांनी तो राखला, आणि मोरिटांना ऑस्करचे नामांकन मिळाले. ज्याला देशानेच ‘तू आमचा नव्हेस’ म्हटले, तो म्हातारा कडू झाला नाही. म्हणूनच नव्या गावात ‘तू आमचा नव्हेस’ हे ऐकणाऱ्या मुलाला शिकवण्याचा अधिकार त्याच्यापाशी आला.

चिरंजीवांना अंतिम सामना आवडला, एका पायावर उभे राहून मारलेली ती लाथ. आमचे लक्ष मात्र त्याआधीच्या एका साध्या दृश्यावर खिळले. मियागी मुलाला घेऊन स्वतः त्या दांडग्यांच्या आखाड्यात जातो आणि त्यांच्या गुरूशी समोरासमोर बोलतो. स्पर्धेपर्यंत मुलाला कोणी हात लावणार नाही, असे वचन घेऊन येतो. ‘सोस’ असे तो म्हणाला नाही, ‘मार’ असेही म्हणाला नाही. मुलाच्या शेजारी उभा राहिला. शिकवणे त्यानंतरचे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आणि चिरंजीव नातवासह शाळेत गेलो. आवाज चढवला नाही. बाईंनी ऐकून घेतले, त्या चौघांना बोलावले, पालकांनाही बोलावले. त्यांतले एक कुटुंब ओडिशाहून आलेले निघाले; त्यांच्या मुलाचीही आदल्या वर्षी याच वर्गात बोलण्यावरून नक्कल झाली होती. मार असा हातोहात पुढे जातो. धक्के थांबले, नक्कल लगेच थांबली नाही, ती हळूहळू शिळी झाली.

नातू कराटेच्या वर्गालाही जातो, स्वखुशीने. पहिले दोन आठवडे सरांनी त्याला केवळ उभे कसे राहावे हेच शिकवले, अशी तक्रार त्याने परवाच्या जेवणात केली. तक्रार अहिराणीत होती. आजीने त्याच्या ताटात आणखी एक कळण्याची भाकरी वाढली.