चर खणून झाले, आता वाटणीचं बोलू

एप्रिल-मे महिन्यात दुष्काळी तालुक्यांतल्या माळरानांवर टिकाव-फावड्यांचा आवाज ऐकू येतो, हे दृश्य आता महाराष्ट्राला नवं राहिलेलं नाही. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, आणि २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोचली. घरात भांडणं असलेल्या भावकीतली माणसं एका रांगेत उभी राहून घमेली पुढे देऊ लागली. या श्रमदानाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या आदरातूनच. माझं म्हणणं एवढंच, की हिरव्या गावाचा निकाल उन्हाळ्यात चर खणताना लागत नाही. तो पावसाळा सरल्यावर, विहिरी भरलेल्या असताना लागतो. त्या वेळी जमलेलं पाणी कोण, किती आणि कशासाठी उपसणार हे गावाने बसून ठरवलं, तर खणलेलं टिकतं. ते ठरलं नाही, तर मार्चमध्ये पुन्हा टँकरची वाट पाहायची वेळ येते.

सलग समतल चर साधारणपणे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल घेतात. म्हणजे एक मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी थांबतं, शंभर मीटरच्या चरात एका भरणीला १८ हजार लिटर. पावसाळ्यात तो जितक्या वेळा भरून मुरेल तितक्या वेळा हा आकडा वाढतो. काम माथ्यापासून पायथ्याकडे केलं, चराची रेघ खरोखर समपातळीत धरली, मातीचा भराव उताराच्या बाजूला नीट टाकला, तर डोंगरावरून धावणारं पाणी चालू लागतं, चालणारं थांबतं आणि थांबलेलं मुरतं. पण मुरून ते जातं कुठे? महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा. या कातळात पाणी राहतं ते वरच्या मुरुमात, झिजलेल्या थरात आणि फटींमध्ये, आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी अभेद्य काळा पाषाण. अशी जमीन लवकर भरते आणि तितक्याच लवकर रिकामी होते. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीसारखा खोल साठा आपल्या वाट्याला आलेला नाही. चार-पाचशे फुटांवर गेलेली बोअर पुष्कळदा नवं पाणी शोधत नसते, शेजारच्या विहिरीत यायचं पाणी खाली ओढून घेत असते. मुरवताना साऱ्या गावाने मुरवलेलं पाणी उपसताना मात्र ज्याची मोटर मोठी त्याचं होतं. खरी अडचण इथे आहे, आणि कितीही चर खणले तरी ती सुटत नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. एक हजार हेक्टरचं शिवार, दीड हजार लोकवस्ती आणि ४०० मिलिमीटर पाऊस असं एक गाव धरा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे या गावावर वर्षभरात ४०० कोटी लिटर पडलं. त्यातलं बरंचसं उन्हाने उडतं, मातीत आणि पिकात जातं, ओढ्याने वाहून जातं. कठीण खडकात ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरला असं धरू, म्हणजे ४० कोटी लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर गावाचं वर्षाचं घरगुती पाणी तीन कोटी लिटर होतं. गुराढोरांचं धरून पाच कोटी म्हणू. उरले ३५ कोटी. पाटपाण्यावरच्या एका हेक्टर उसाला वर्षभरात दोन कोटी लिटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे दीड हेक्टर ऊस साऱ्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याएवढं पाणी पितो, आणि सतरा-अठरा हेक्टर ऊस लागला की गावाची शिल्लक संपली. हजार हेक्टरपैकी सतरा-अठरा! हेच ३५ कोटी लिटर हरभऱ्याला दोन संरक्षित पाणी देण्यासाठी वापरलं, हेक्टरी १५ लाख लिटर धरलं, तर दोनशेहून अधिक हेक्टर रब्बी उभी राहते. हे आकडे गावागणिक बदलतील, पाझर कमी-जास्त होईल, ठिबकाने उसाचं पाणी बरंच वाचेल. तरीही चित्र उलटं होणार नाही. पाच-सात जणांच्या पिकाची निवड उरलेल्या शेकडो घरांची रब्बी ठरवते.

हिवरे बाजारचं नाव घेतलं की लोक सांगतात बंधारे, झाडं आणि श्रमदान. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेत आहे. तिथे वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. १९९५ मध्ये गावातल्या १८० कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. सरपंच पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी पाणलोटाची कामं केली हे खरंच, पण तशी कामं आजूबाजूच्या गावांतही झाली. हिवरे बाजारने जे वेगळं केलं ते ग्रामसभेत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, डोंगरावर मोकळी चराई नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मदतीने दरवर्षी पावसाचं आणि विहिरींच्या पातळीचं मोजमाप होऊ लागलं. आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात रब्बी किती आणि उन्हाळी घ्यायची की नाही ते ठरवायचं. पाऊस कमी झाला त्या वर्षी पेरा कमी. एवढं साधं तत्त्व, पण त्यासाठी भरल्या विहिरीच्या काठावर उभं राहून पंप बंद ठेवायची तयारी लागते, आणि ती बंधारा बांधण्याहून कितीतरी कठीण आहे.

त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा विचार रुजवला. पेशाने अभियंता असलेल्या या माणसाने देवस्थानाची पडीक जमीन कराराने घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला, आणि त्यातून जे नियम काढले ते मला आजही महाराष्ट्रातल्या पाण्याच्या विचारातली सर्वांत धीट गोष्ट वाटते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल: माणशी अर्ध्या एकराचं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. सातबाऱ्यावर ज्याचं नाव मोठं त्याच्या विहिरीला पाणी मोठं, ही घट्ट बसलेली समजूत या नियमांनी उलटी केली. पुढे यातल्या साऱ्याच योजना टिकल्या नाहीत, पण म्हणून नियम चुकीचा ठरत नाही. वाटणीचा नियम एकदा करून सोडून देता येत नाही, पिकासारखाच तो दरवर्षी राखावा लागतो, एवढंच त्यातून दिसतं.

आता नुसत्या खोदकामावर भर दिला की काय होतं ते पाहा. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. २०२० मध्ये आलेल्या ‘कॅग’च्या अहवालाने म्हटलं, की भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. या अहवालावर वाद झाले, राजकारणही झालं. अहवाल बाजूला ठेवला तरी गावोगाव दिसणारी गोष्ट लपत नाही. नाला खोल-रुंद झाला की त्या भरवशावर काठाकाठाने नव्या विहिरी आणि बोअर होतात. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी अडवण्यासाठी शेततळं, ही कल्पना उत्तम. पण प्लास्टिकचं अस्तर घालून ते तळं पंपाने विहिरीतून किंवा बोअरमधून भरलं, की जमिनीखाली सावलीत राहिलेलं सगळ्यांचं पाणी एकाच्या कुंपणात आणि उन्हात येतं. आपल्या कोरड्या पट्ट्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर जाडीचा थर उडून जातो. गावाने घाम गाळून मुरवायचं आणि एकाने उपसून उन्हात ठेवायचं, याला जलसंधारण म्हणायला माझं मन तयार होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जमीन माझी, विहीर माझी, पाण्याचा हिशेब मागणारे तुम्ही कोण? कायद्याची जुनी परंपरा या आक्षेपाच्या बाजूने होती हे मान्य. ब्रिटिश काळापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या हाती राहिलं. पण राज्याने १९९३ मध्येच सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध आणले, आणि २००९ चा भूजल अधिनियम त्याच्या पुढे गेला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालण्याची तरतूद त्यात आहे. कायदा कागदावर आहे आणि बोअरची गाडी रात्रीतून येऊन जाते, हेही खरं. तहसील कार्यालयातून ती गाडी अडवता येणार नाही. गावात ती कोणाच्या रानात उभी आहे हे सकाळी सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच नियम ग्रामसभेचा हवा, आणि कायदा त्याच्या पाठीशी उभा राहायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो झटकून टाकणारा माणूस शेतकऱ्याच्या जागी उभा राहिलेला नसतो. उसाला ठरलेला दर आहे, कारखाना तोडणी करून नेतो, गारपिटीत ऊस मोडून पडत नाही. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत माल व्यापाऱ्याच्या दारात गेलेला असतो. अशा वेळी ‘ऊस लावू नका’ हा उपदेश पोकळ वाटतो. त्यामुळे नियमाबरोबर उत्पन्नाची दुसरी वाट दाखवावी लागते. हिवरे बाजारमध्ये ती वाट दुधाची होती. डोंगर राखला तसं गवत वाढलं, गवतावर जनावरं पोसली गेली, आणि दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध काही हजार लिटरवर गेलं. कांदा, भाजीपाला, ज्वारी यांनी उरलेलं केलं. सरकारने डाळी आणि भरडधान्यांची खरेदी वेळेवर केली तर हजारो गावांतली बोअर आपोआप कमी होईल, असं मला ठामपणे वाटतं. ती मागणी करायलाच हवी. पण तिची वाट पाहत पिण्याचं पाणी संपू देणं परवडणारं नाही.

तिसऱ्या आक्षेपापाशी मात्र मला थांबावंसं वाटतं, कारण त्यात तथ्य आहे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द व्यासपीठावरून छान ऐकू येतात, पण त्यांची किंमत आधी कोण मोजतं? ज्याला शेत नाही आणि ज्याच्या दारात चार शेळ्या आहेत, तो. डोंगरावरून मोळी आणून चूल पेटवणारी बाई, ती. भूमिहीनाने शेळ्या विकायच्या आणि त्या त्यागातून भरलेल्या विहिरीवर बागायतदाराने कांदा काढायचा, हा हिरवेपणा अन्यायाचा आहे. जनावर मोकळं सोडायचं नाही पण गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवायची, ही सोय काही गावांनी केली. ती चांगली आहे, पण पुरेशी नाही. त्या गवताच्या वाटणीत भूमिहीनाचा पहिला मान, जलसंधारणाच्या कामावर रोजगार हमीची मजुरी, आणि पाणी वाढलं की पाणी पंचायतीने सांगितल्याप्रमाणे त्यात हिस्सा, असं सूत्र धरलं तरच बंदी हा शब्द उच्चारायचा अधिकार गावाला मिळतो. बायकांचंही तेच. हंडा त्यांच्या डोक्यावर, आणि विहीर बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. पाण्याचा ताळेबंद मांडायच्या सभेत त्या मागे बसून ऐकत असतील, तर त्या ताळेबंदात पिण्याचं पाणी पहिल्या ओळीवर राहील याची खात्री नाही. चराईबंदी-कुऱ्हाडबंदीबरोबर काही गावांनी नसबंदीही आपल्या नियमांत घातली. ती मला पटत नाही, घरातला तो निर्णय ग्रामसभेचा विषय नव्हे.

शेवटी असंही म्हटलं जातं, की ही सगळी एखाद्या मोठ्या माणसाची गावं, प्रत्येक गावाला पोपटराव कुठून आणायचा? सुरुवातीला कोणीतरी लागतं, हे मी नाकारत नाही. पण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. तिथे बहुमताने निर्णय होत नाहीत, एकमत होईपर्यंत चर्चा चालते, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाल्यावर बांबू कधी आणि किती काढायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. माणूस मोठा असेल तर नियम त्याच्या शब्दाने चालतो. आकडा सर्वांसमोर असेल तर नियम त्या आकड्याने चालतो, आणि दुसरी गोष्ट माणसाच्या पश्चातही टिकते. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, चार-पाच निरीक्षण विहिरींची दर आठवड्याची मोजणी, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहिलेले तीन आकडे: पडलं किती, मुरलं किती, लागणार किती. यासाठी ना जेसीबी लागतो ना मोठा निधी.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. पाऊस तेव्हा बहुतेक संपलेला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. तुमच्या गावाच्या या वर्षीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाण्याचा ताळेबंद हा विषय आहे का, ते आधी विचारून घ्या. नसेल, तर सभेआधीच ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी द्या, आणि त्या दिवशी भूमिहीन घरांतल्या माणसांना आणि बायकांना पुढच्या रांगेत बसवा.