मुक्कामाचं पुस्तक

युरोपातल्या कॅम्पिंगचं डच मार्गदर्शक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा ते वाचायचं पुस्तक आहे असं वाटेचना. जाडजूड, बारीक अक्षराचं. एकेका पानावर तीन-चार मुक्काम आणि प्रत्येकाखाली आकडे नि अक्षरांच्या रांगा. कव्हरची घडी उलगडली की त्या अक्षरांचा अर्थ सापडतो. सावली आहे का, जमीन सपाट की उतरती, गवत की खडी, वीज सहा अँपिअर की सोळा, कुत्रा चालतो का, भांडी घासायला वेगळी मोरी आहे का, आणि गाडीतल्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची. निसर्गाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ओळी.

लेक नेदरलँड्सला असते. आम्ही गेलो त्या वर्षी जावयांनी घरासारखी गाडी भाड्यानं घेतली: आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं. आमच्या बाजारात जाणते लोक घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचतात, तशी लेक त्या अक्षरांवरून बोट फिरवी आणि सांगे, "आई, इथे नको. नळ लांब आहे."

आमचा बाजार म्हणजे सारंगखेड्याचा. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं देऊळ. मार्गशीर्षी पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा सुरू होते. पंजाबातून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, काठेवाडातून घोडे येतात. गळ्याखाली देवमण असलेला, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी, पांढराशुभ्र नुकरा. घोडे ट्रकमधून उतरवले की त्याच ट्रकच्या फळ्यांवर व्यापाऱ्यांचे बिछाने पडत आणि चाकाशेजारी चूल पेटे. आसपासच्या गावांतली माणसं बैलगाडीवर ताडपत्री टाकून येत. त्यांचा संसार गाडीत, स्वयंपाक गाडीखाली. घर बरोबर घेऊन निघणं हे मी युरोपात पाहिलं नाही, आमच्या शेताच्या बांधावर पाहिलं.

तिथे पुस्तक नव्हतं. कोणत्या गावच्या गाड्या कोणत्या लिंबाखाली सुटायच्या हे ज्याला त्याला ठाऊक. नवखा असला तर आमच्या ओट्याशी येऊन विचारी, "पानी कोठे शे?" माझे वडील, आप्पा, उठून बाहेर येत. नदीला कुठून उतरलं तर जनावर गाळात रुतत नाही, कडबा कोणाकडे रास्त मिळेल, रात्री वारा कुठून येतो, सगळं हात करकरून सांगत. पुढच्या वर्षी तो माणूस ओट्यावर चहाला येई. आप्पांच्या मैत्र्या अशा, विचारण्यातून झालेल्या. त्या मोठ्या होत्या हे मी नाकारत नाही.

पण मागच्या दारालाही माणसं येत. दिवेलागणीनंतर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेली, एखादी मूल कडेवर घेतलेली. मायला त्या पाणी विचारत नसत. काय विचारत तेही पुरतं बोलत नसत. माय अर्ध्या शब्दावर ओळखी, कंदील घेई आणि त्यांना बाभळींच्या पलीकडे घेऊन जाई. दिवसभर या बाया पाणी बेतानं पीत, हे मला मोठेपणी कळलं. आप्पांना बहुधा कधीच कळलं नसावं. त्यांच्या हातवाऱ्यांत ती दिशा नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक छापील वही पाहिली. नर्मदा परिक्रमेला निघालेल्या काही बाया प्रकाशाकडे जाताना आमच्याकडे थांबल्या. शूलपाणीच्या झाडीतली वाट टाळणारे बरेच परिक्रमावासी शहादा-प्रकाशावरून जातात. एकीच्या झोळीत छोटं पुस्तक होतं: गावांची नावं, मधली अंतरं, आश्रम, सदावर्त, कुठे शिधा मिळतो, कुठे शिजलेलं अन्न. बांधणी चोख. मी ते भरभर चाळलं आणि मायचा कंदील शोधला. नव्हता. तिला विचारलं तर हसली. म्हणाली, "ते आपलं आपण बघायचं, ताई."

म्हणून त्या डच पुस्तकातली संडासाची ओळ मी दोनदा वाचली. किती आहेत, कसे आहेत, तान्ह्या बाळाला धुवायला जागा आहे का, अपंगांना जाता येतं का, कपडे धुवायचं मशिन आहे का. लाजेचं काही नाही, कौतुकाचंही नाही. या पुस्तकाची सुरुवात 1965 सालची. भरलेल्या कॅम्पिंगच्या दारातून परत फिरावं लागलेल्या एका डच शिक्षकानं यादी करायला घेतली, पहिल्या यादीत 55 जागा होत्या. आता त्यांचे निरीक्षक दरवर्षी हजारो कॅम्पिंगवर स्वतः जाऊन, दोनशेहून जास्त गोष्टी तपासून येतात. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाहीत. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं: कोणीतरी मुद्दाम जाऊन मोरीचा नळ सोडून बघतो.

आमच्या ह्यांना मात्र पुस्तक जाचायला लागलं. मोझेलच्या काठाकाठानं आम्ही जर्मनीत उतरत होतो, द्राक्षांचे मळे थेट डोंगराच्या कपाळापर्यंत, आणि हे म्हणाले, "कोणाला काही विचारावंच लागत नाही. हा काय प्रवास?" एका ठिकाणी दीड वाजता पोचलो तर फाटकावर आडवा दांडा. जर्मन कॅम्पिंगवर बरेचदा एक ते तीन विश्रांतीची वेळ असते. गाडी आत सोडत नाहीत. पुस्तकात ते होतं, जावयांनी वाचलं नव्हतं. आम्ही रस्त्याकडेला दशम्या नि लसणाची चटणी काढली. तेवढा दीड तास हे खूश होते, कारण मागे येऊन थांबलेल्या म्हाताऱ्या जोडप्याशी खुणांनी बोलायला मिळालं.

मोझेल जिथे ऱ्हाइनला मिळते त्या कोब्लेन्झला संगमासमोरच कॅम्पिंग आहे. याच गावात कार्ल बेडेकरनं 1827 मध्ये पुस्तकांचं दुकान काढलं आणि पुढे ऱ्हाइनच्या प्रवासाचं मार्गदर्शक छापलं. त्याच्या लाल पुस्तकांनी पुढे जग पालथं घातलं. प्रवाशानं भाडोत्री वाटाड्यांच्या तावडीत सापडू नये, आपलं आपण फिरावं, हा त्याचा हेतू. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. विचारण्यात गंमत आहे खरी, पण ती ज्याला नकार मिळाला तरी चालतो त्याला. ज्याच्याकडे माणसं वळून बघतात, किंवा ज्याला प्रश्नच तोंडावर आणता येत नाही, त्याला लिहिलेलंच बरं. आप्पांचा ओटा सगळ्यांसाठी उघडा होता, आणि तरी अर्ध्या माणसांना मागच्या दारानं यावं लागत होतं.

बोलायची माणसं ह्यांना मिळाली, तीही पुस्तकात छापलेल्या ठिकाणीच. संध्याकाळी भांड्यांच्या मोरीवर. तिकडचे पुरुष प्लॅस्टिकच्या टबात खरकटी भांडी भरून रांगेत उभे राहतात. दोन दिवस बघून ह्यांनीही टब उचलला. मोरीवरून परत यायला तासतास लागायला लागला. डच, बेल्जियन, सगळ्यांच्या गाड्यांच्या किमती पाठ. घरी टब काही उचलला गेलेला नाही, हे जाता जाता नोंदवते.

सारंगखेड्याची यात्रा आता चेतक महोत्सव झाली. घोड्यांच्या शर्यती, नाचणारे घोडे, पाहुण्यांसाठी तंबूंची वसाहत. राज्यानं 2021 मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरणही आणलं, तेव्हा घरासारख्या गाड्या इकडेही येतील. येऊ देत. तंबूत उतरणाऱ्याला दरपत्रक मिळतं. ट्रकखाली झोपणाऱ्याला आणि ताडपत्रीत चूल मांडणारीला अजून ओट्यावरच विचारावं लागतं, आणि ओटे कमी झालेत.

मागच्या यात्रेआधी पुतण्यानं एक पत्रक करायला घेतलं. दत्ताचं देऊळ, घोड्यांच्या जाती, शेवभाजी कुठे चांगली, असं. मी डच पुस्तक त्याच्यापुढे टाकलं आणि रकाने आखून दिले: पाणी, जनावरांचा उतार, सावली, स्त्रियांसाठी संडास, तिथवरच्या वाटेवर दिवा.

"काकू, पहिल्याच पानावर संडास?" तो म्हणाला.

"देव वर, त्याच्याखाली."

थोडी ओढाताण झाली. त्याला घोडा पाहिजे होता मुखपृष्ठावर, घोडा राहिला. रकाने आत गेले, पण पहिल्या पानावरच. मग त्यानं विचारलं, दिव्याचं कसं लिहायचं, आहे म्हणून लिहितो. मी म्हटलं, जाऊन बघ. दुपारी नको, रात्री आठनंतर जा, आणि बायकोला बरोबर ने.

"तिलाच पाठवतो," तो म्हणाला. "टॉर्च घेऊन जाईल."

"टॉर्चशिवाय पाठव," मी म्हटलं. "आणि तू मागे उभा राहा."