तीन महिन्यांचे पाहुणे

ओपन सोर्समध्ये काम करणारी दोन माणसं चहाला बसली की अर्ध्या तासात गाडी एकाच तक्रारीवर येते. "पोरं टिकत नाहीत हो!" उन्हाळ्यात पैसे घेऊन मन लावून काम करणारा विद्यार्थी सप्टेंबर उजाडला की दिसेनासा होतो. मेल टाका, उत्तर नाही. चॅटवर हाक मारा, हिरवा ठिपका नाही. आणि मग मागे उरलेले लोक "आजकालच्या पोरांना फक्त रेझ्युमेवर एक ओळ हवी असते" असं म्हणून दुसरा चहा मागवतात.

मला ही तक्रार पूर्ण पटत नाही. पण ती खोडून काढायची घाईही नाही, कारण मी स्वतः त्याच टेबलावर बसलेलो असतो. गेली चार वर्षं शनिवार-रविवारी मी एका छोट्या प्रकल्पात हात घालतो आहे. युनिकोडच्या आधीच्या फाँटांमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक लायब्ररी. वाचायला किरकोळ वाटतं, पण किती छापखान्यांत, कचेऱ्यांत आणि मासिकांच्या कपाटांत असा मजकूर पडून आहे याचा विचार करून बघा. तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. हे सगळं सांभाळणारे आम्ही दोघंच. त्यातल्या एकाला उद्या बाळ झालं (शक्यता दाट आहे, माझ्याकडे नव्हे!) की प्रकल्प अर्धा बंद. म्हणून तिसरा माणूस टिकतो की नाही हा माझ्यासाठी चहावरच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गूगलने २००५ साली 'समर ऑफ कोड' सुरू केलं. पहिल्या वर्षी सुमारे ४०० विद्यार्थी होते, प्रत्येकाला साडेचार हजार डॉलर. कल्पना सरळ होती. सुट्टीत पोरांनी कुठेतरी बर्गर विकण्यापेक्षा घरी बसून एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोड लिहावा, पैसे गूगल देईल, शिकवायला त्या प्रकल्पातला एक जुना माणूस असेल. तेव्हापासून आजवर वीस हजारांहून जास्त जण त्यातून गेले. गेली बरीच वर्षं त्यातला सर्वांत मोठा गट आपल्याच देशातला असतो. २०१७ पासून मानधन त्या त्या देशातल्या महागाईप्रमाणे ठरतं, म्हणजे आपल्याकडे कमी. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही गेली, आता अठरा वर्षं पूर्ण झालेला कुणीही नवखा अर्ज करू शकतो. आणि शिकवणाऱ्याला काय मिळतं? टी-शर्ट. मजा नाही करत, माझ्याकडे दोन आहेत.

आता पैशाचा मुद्दा. पैसे दिले की हौस मरते, असं म्हणणाऱ्यांकडे एक जुना प्रयोग तयार असतो. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल, सोनेरी सील आणि रिबन लावलेलं. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं रंगीत पेनांकडे बाकीच्यांपेक्षा बरीच कमी फिरकत होती. झालं, लोकांनी यातून सिद्धांत काढला की मानधनामुळेच आमची पोरं पळतात.

अहो, पण त्या मुलांना मुळात चित्रं काढायची आवड होती! आमच्याकडे मार्चमध्ये अर्ज करणाऱ्या पोराला जुन्या फाँटांची आवड असते असं तुम्हाला खरंच वाटतं? त्याने यादी बघितली, पायथन येतं म्हणून आमचं नाव निवडलं. जी हौस नव्हतीच ती मरणार कशी?

याच विषयावर २०१७ साली एक अभ्यास झाला होता. तो करणाऱ्यांनी सर्वेक्षणावर न थांबता विद्यार्थ्यांचे कमिट मोजले. त्यात दिसलं की नवख्यांपैकी साधारण २३ टक्क्यांनी आपली निवड होणार की नाही हे कळायच्या आधीच त्या प्रकल्पात काहीतरी काम केलं होतं. आणि ज्यांचा त्या प्रकल्पात आधीचा वावर होता त्यांनी कोडही जास्त लिहिला आणि नंतर टिकलेही जास्त. त्याच मंडळींच्या २०२० च्या लेखात आणखी एक गोष्ट स्वच्छ मांडली आहे: बहुतेक विद्यार्थी समृद्ध करणारा अनुभव घ्यायला येतात, कायमचे योगदानकर्ते व्हायला येतातच असं नाही. म्हणजे आपण ज्याला पळून जाणं म्हणतो, ते त्यांच्या लेखी ठरल्या वेळी घरी जाणं असतं. पाहुणा जेवून निघाला तर त्याला आपण पळाला म्हणत नाही.

आणि आपल्याकडचं कॅलेंडर बघा. समर ऑफ कोड संपतं ऑगस्टच्या शेवटी. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्लेसमेंट नेमकं कधी सुरू होतं? जुलै-ऑगस्टमध्ये! ज्या आठवड्यात आमचा विद्यार्थी मोकळा होतो, त्याच आठवड्यात त्याच्या कॉलेजात पहिली कंपनी येते. मग ॲप्टिट्यूड, मग सबमिशन, मग ओरल. वर्षभराने जॉइनिंग लेटर येतं आणि त्यात बारीक अक्षरात एक कलम असतं, की नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा. २०२२ साली 'मूनलायटिंग'वरून आपल्या आयटी कंपन्यांत जो गोंधळ झाला, त्यानंतर तर फ्रेशर पोरं फुकट काम करायलाही घाबरतात. माझ्या पहिल्या कंपनीत ओपन सोर्ससाठी परवानगी मागणारा माझा मेल चार महिने या डेस्कवरून त्या डेस्कवर फिरत होता. मला तेव्हा घरभाडं सोडून काही देणं नव्हतं म्हणून मी चिकाटी धरली. डोक्यावर एज्युकेशन लोनचा हप्ता असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडून तीच अपेक्षा करायची?

इथे मला खरंच अडखळायला होतं. 'स्वयंसेवक म्हणून राहा' हे म्हणायला छान आहे, पण फुकट काम करायला वेळ लागतो आणि वेळ ज्याच्या त्याच्या घरच्या परिस्थितीवर ठरतो. 'आउटरीची' नावाचा दुसरा एक उपक्रम आहे, नोम प्रकल्पातून निघालेला. तंत्रज्ञानात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, ज्यांची संख्या कमी आहे, अशांसाठीचा. तिथेही अर्जाच्या काळातच प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. अट रास्त आहे, पण ते काही आठवडे बिनपगारीच. लॅपटॉप घरात एकच आणि तोही भावाचा, अशी मुलगी तिथपर्यंत पोचेपर्यंत तिची दमछाक झालेली असते.

बरं, पैशाचं दुखणं दुसऱ्या बाजूनेही असतं आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. २००६ साली डेबियनमध्ये 'डंक-टँक' नावाचा प्रयोग झाला. नवी आवृत्ती वेळेत निघावी म्हणून दोन रिलीज मॅनेजरांना एकेक महिना पूर्णवेळ काम करण्यासाठी पैसे द्यायचे, एवढंच. वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या इतर स्वयंसेवकांपैकी काहींनी जाहीर नाराजी व्यक्त केली. डिसेंबर २००६ मध्ये ठरलेली 'एच' आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ ला. उशिराचं खापर एकट्या त्या प्रयोगावर फोडणं बरोबर नाही, पण वाद कशावरून झाला ते बघा. पैसे मिळाले एकाला आणि मन खट्टू झालं दुसऱ्याचं. समर ऑफ कोडमध्ये हे फारसं होत नाही, कारण पैसे बाहेरून येतात आणि विद्यार्थी लहान असतो. तरी ऑगस्टमध्ये रात्री दीड वाजता त्याचा कोड तपासताना माझ्याही मनात कधीतरी येतं, की मानधन याला, जागरण मला. असो.

आता टिकलेल्यांचं बघू. तुमच्यातले जे मशीन लर्निंगचं काम करतात ते रोज सायकिट-लर्न वापरत असतील. ते २००७ साली डेव्हिड कुर्नापो याचा समर ऑफ कोडचा प्रकल्प म्हणून सुरू झालं. पण ते आज उभं आहे ते त्या एका विद्यार्थ्याच्या जोरावर नाही. २०१० मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या लोकांनी सूत्रं हातात घेतली, पहिली जाहीर आवृत्ती काढली, आणि तिथे पगारावर माणसं होती. हा एक रस्ता, पण आमच्यासारख्या दोघांच्या संसाराला इन्रिया कुठून मिळणार?

मला जास्त शिकवलं सिमपायने. पायथनमधून बीजगणित, कॅल्क्युलस करणारी लायब्ररी. ओंद्रेय चर्तिकने २००५ साली सुरू केली, नंतर थंडावली. २००७ च्या सुरुवातीला फॅबियन पेद्रेगोसा आला आणि त्याने तिला पुन्हा जागं केलं (हाच पुढे सायकिट-लर्नच्या त्या २०१० च्या गटातही होता, काही माणसांना स्वस्थ बसवत नाही). त्या उन्हाळ्यात समर ऑफ कोडचे पाच विद्यार्थी आले. आणि २०११ साली चर्तिक बाजूला झाला तेव्हा प्रमुखपद घेतलं ॲरन म्यूररने, जो स्वतः समर ऑफ कोडचा विद्यार्थी म्हणून आला होता. काल आलेल्या पोराच्या हातात घराच्या किल्ल्या! सिमपायची आणखी एक अट आहे, ती मला फार आवडते. अर्जदाराचा निदान एक पॅच आधी स्वीकारला गेलेला असला पाहिजे. म्हणजे पैशाच्या आधी ओळख.

माझं मत असं झालं आहे की पैसे थांबतात म्हणून पोरं जातात हे अर्धंच खरं आहे. आपण त्यांना दिलेलं काम संपलेलं असतं, हा उरलेला अर्धा भाग. तीन महिन्यांत पुरं होईल असं, सुटं, कुणावर अवलंबून नसलेलं काम आपणच शोधून काढतो, कारण मूल्यमापनात तसंच लागतं. तो ते चोख पुरं करतो आणि मग आपण म्हणतो, थांब की! कशासाठी थांबू? त्याची वाट बघणारं तिथे कुणी नसतं.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी संध्याकाळी कॉलेजच्या तालमीला जाऊन बसतात. कुणी पैसे देत नाही, वर बॉसच्या शिव्या खातात. का जातात? कारण लाइट सांभाळणाऱ्या ज्या ज्युनियरला त्यांनी शिकवलं, तो यंदा पहिल्यांदा दिग्दर्शन करतोय. माणूस कामासाठी आला तरी परत येतो तो माणसांसाठी.

म्हणून यंदा आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या. अर्जाआधी एक छोटा पॅच, पण तो एका शनिवारात होण्याएवढाच, म्हणजे घरच्या परिस्थितीने कुणी अडू नये. जुलैच्या मध्यापासून विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाबरोबर दुसऱ्या कुणाचा तरी कोड तपासायचा. आणि शेवटी 'जमेल तसं येत राहा' असं गुळमुळीत न म्हणता एक नेमकी गोष्ट नावावर करून द्यायची, महिन्याला दोन तासांची. नाही म्हणाला तर आनंदाने निरोप.

मागच्या वर्षीची आमची विद्यार्थिनी सोलापूरची. तिच्या नावावर आम्ही रफार लिहून दिला. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे 'आर्थिक' सारख्या शब्दात दोन्ही एकमेकांना ओलांडून जातात आणि आमचा प्रोग्राम हमखास तोंडावर पडतो. आता ती एका मोठ्या कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. परवानगी मिळाली, पण वेळ मिळत नाही. तीन-तीन आठवडे तिचा पत्ता नसतो. मी आता मेल टाकत नाही.

गेल्या रविवारी यंदाच्या मुलाने रफाराचा पॅच पाठवला. मी तो दुपारी बघणार होतो. त्याआधीच तिची ओळ येऊन पडली होती, सकाळी सहाची, बहुतेक नाइट शिफ्ट संपवून लिहिलेली: "आर्थिक झालं, छान. ईर्ष्या तपासलंस का?"

त्याने तपासलं नव्हतं.