सांताक्रूझ ९४४, कुलाबा ७४

पुणे, रविवार

चि. सई,


तुझी मेल आणि सोबतची यादी पाहिली. विद्यापीठं, शिष्यवृत्त्या, मुदती, सगळं रंगीत रकान्यांत लावलंयस. फक्त तुला नेमकं काय शोधायचंय, तो रकाना नाही. ‘टोकाचं हवामान’ हा विषय झाला, प्रश्न नाही.

प्रश्न कसा असतो ते सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७४. दोन्ही ठिकाणं एकाच मुंबईतली! तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. तुझे बाबा रात्रभर दादरला अडकले होते, विचार त्यांना. हा फरक आधी कळू शकला असता का? हवामानाच्या मॉडेलमध्ये आपण वातावरणाचे चौकोन पाडतो आणि चौकोनाच्या आत जे घडतं त्याचा अंदाज सूत्रांनी बांधतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा; आधी तो १२ चा होता. सुधारणा मोठी आहे, पण पावसाळी ढगाच्या आतली उलथापालथ याहून बारीक असते. त्यात आपला सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की जेमतेम सातशे. मॉडेलला हा उतार नीट पेलत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. टोकाच्या घटना मुळातच विरळ. एखाद्या केंद्राची सत्तर वर्षांची नोंद घे, दर वर्षातला सर्वांत मोठा पाऊस निवड. हाती येतात सत्तर आकडे. तेवढ्यावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पावसाबद्दल बोलायचं! शिवाय हवा तापतेय. तापमान एक अंशाने वाढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे आजोबांच्या काळातल्या नोंदी आणि आजच्या नोंदी डोळे झाकून एकत्र करता येत नाहीत. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पण एखाद्या ठरावीक पुरात तापमानवाढीचा वाटा किती, हे सांगणं वेगळं आणि अवघड. युरोपातल्या २००३ च्या उष्णतेच्या लाटेवर असं काम झालं. उष्णतेच्या बाबतीत ते जमतं. आपल्या पावसाबाबत उत्तरं अजून डळमळीत येतात. तुला काम हवंय ना? हे घे.

आता ‘इथे की बाहेर?’ माझं मत: पीएच.डी. इथे, पोस्टडॉक बाहेर. जुन्या नोंदींचं भांडार शिवाजीनगरला हवामान खात्यात आहे. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून चालू आहे. मॉडेल चालवायला आयआयटीएममध्ये ‘अर्क’ हा महासंगणक आहे. बंगळूरचं आयआयएस्सी, मुंबई आणि दिल्लीच्या आयआयटी, तिथेही अर्ज कर. नेटचा पृथ्वी-वातावरण-महासागर विज्ञानाचा पेपर आणि गेट, दोन्ही दे. जेआरएफ शिष्यवृत्तीचे महिना ३७ हजार मिळतात. वेळेवर मिळतील असं समजून घरभाडं ठरवू नकोस.

संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. प्रबंधाला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, मंडळी पुढे कुठे गेली, एवढं विचार. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही उत्तरच.

बाहेरचं गणित तू उलटं मांडलंयस. युरोपच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला अट असते: ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे जर्मनीत पीएच.डी. केलीस तर ती घेऊन लगेच जर्मनीत राहता येत नाही, आणि पुण्याहून जाणाऱ्याला सगळा युरोप मोकळा. अमेरिकेत बोल्डरच्या एनकार या वातावरण संशोधन केंद्राची फेलोशिप नावाजलेली. पण तिथल्या विज्ञानाच्या निधीवर सध्या कुऱ्हाड चालतेय, त्या एका फेलोशिपच्या भरवशावर राहू नकोस. परत यायचं म्हटलं तर आपल्याकडे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप आहे, दोन वर्षांची.

पीएच.डी. इथे म्हटल्यावर तुझी आई लगेच हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळांचं नाव घेईल. बरोबर आहे: पुण्याच्या, फर्ग्युसनच्या, हार्वर्डला पीएच.डी. केली आणि १९७१ साली परत येऊन आयआयटीएममध्ये रुजू झाल्या. पुढे बंगळूरला त्यांनी मान्सूनवर आयुष्य घालवलं, अनंतपूरच्या भुईमूग शेतकऱ्यांचे प्रश्नही संशोधनात आणले. पण त्या काळी या विषयात इथे मुलींनाच काय, मुलांनाही पर्याय किती होते? आज आहेत.

जाता जाता: पायथन येतं यावर खूश राहू नकोस. मॉडेलांचा गाभा अजून बराचसा फोरट्रानमध्ये आहे, तो वाचायला शिक. आणि महिनाअखेर मला एक पानभर लिहून पाठव. त्यात तुझा एकच प्रश्न असू दे, शिष्यवृत्तीचं नाव एकही नको. मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
मावशी