दुसऱ्याच्या गोष्टीत आपले नाव

दुसऱ्याने रचलेल्या जगात, दुसऱ्याने नावे ठेवलेली पात्रे घेऊन, मालकाच्या लेखी परवानगीने कादंबऱ्या लिहिणे हा रीतसर पेशा आहे, हे आमच्या घरात कोणाला पटेना. अम्मींचे म्हणणे, ही उसनवारी झाली. मोठ्या भाईंना त्यात चोरीचा वास आला. आमच्या भाचीला असे एक काम चालून आले होते, त्यावरून हा विषय निघाला. तिच्या कामाकडे नंतर येऊ. आधी हा पेशा काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत लिहिणारी मुले-मुली आहेत आणि त्यांच्याकडेही असे निरोप येऊ लागले आहेत.

अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही अवकाशयानाची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. पुढच्याच वर्षी जेम्स ब्लिश या लेखकाने तिच्या भागांवरून गोष्टी लिहून पुस्तक काढले. लिहिताना त्यांच्यासमोर पडदा नसे, पटकथेचे कागद असत, त्यामुळे पडद्यावरचा प्रसंग आणि पुस्तकातला प्रसंग काही ठिकाणी जुळत नाही. १९७० साली त्यांनी त्याच यानावर नवी, स्वतंत्र कादंबरी लिहिली. तेव्हापासून या एका मालिकेवर शेकडो कादंबऱ्या झाल्या. कायदा साधा आहे. पात्रे मालकाची. मालिकेतल्या कप्तानाला लेखकाने आपल्या मर्जीने मारायचे नाही, त्याचे लग्न लावायचे नाही. हस्तलिखित मालकाच्या कचेरीतून तपासून येते आणि छापल्यावर हक्क बहुधा मालकाकडेच राहतो. लेखकाला मिळते ती ठरलेली रक्कम, आणि करारात असेल तर विक्रीवर थोडा हिस्सा.

इंग्लंडमध्ये टेरन्स डिक्स यांनी 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या साठाहून अधिक गोष्टी पुस्तकरूपात लिहिल्या. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हता, जुने भाग पुन्हा क्वचितच दाखवले जात, आणि सुरुवातीच्या काळातले कित्येक भाग तर तिथल्या प्रसारण संस्थेने फिती वाचवण्यासाठी पुसून टाकले. मुलांना जुनी गोष्ट कळायची ती या पातळ पुस्तकांतून. त्यांतूनच वाचनाची गोडी लागली असे सांगणारे आज तिथे पुष्कळ आहेत. शिक्षक म्हणून आम्हाला या गृहस्थांविषयी फार आदर वाटतो. आमच्या पिढीने १९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' पाहिली. दुसऱ्या दिवशी पोरे तिच्याबद्दलच बोलत. पण माळशिरसच्या वाचनालयात त्यावरचे एखादे मराठी पुस्तक आमच्या हाती कधी आले नाही.

अम्मींना हे सगळे परके वाटले, तेव्हा आम्ही उर्दूचा दाखला दिला. दास्ताने अमीर हमजा कोणा एकाची नाही. दास्तानगो पिढ्यान्‌पिढ्या तीच पात्रे घेऊन सांगत आले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती लिहवून घ्यायचे ठरवले आणि त्यासाठी लेखक कामाला लावले. 'तिलिस्मे होशरुबा'चे पहिले चार खंड मुहंमद हुसैन जाह यांनी लिहिले. पुढे ते बाजूला झाले आणि तिथून अहमद हुसैन कमर यांनी गोष्ट हातात घेतली. सारी दास्तान ४६ खंडांची झाली. जादूचे प्रदेश, उडती वाहने, माणसासारखे वागणारे पुतळे! आजच्या मालिकावाल्यांना हेवा वाटावा असा मसाला त्यात आहे. लेखक बदलला म्हणून ऐकणाऱ्यांनी गोष्ट टाकली नाही.

आणि इब्ने सफी? अब्बांच्या पेटीत 'जासूसी दुनिया'चे अंक होते. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद आमच्या घरचेच वाटायचे. १९६० ते १९६३ इब्ने सफी आजारी पडले, लिहिणे थांबले, आणि बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे लावून लिहिणाऱ्यांचे पीक आले. पात्रे तीच, परवानगी कोणाचीच नाही. १९६३ साली 'डेढ मतवाले' घेऊन ते परतले तेव्हा वाचकांनी खरा आणि नकली बरोबर ओळखला. त्यांच्यानंतर मुलतानच्या मजहर कलीम यांनी इम्रानवर शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. अब्बा त्या वाचत, पण 'हा आपला इम्रान नव्हे' असे म्हणत वाचत. मोठ्या भाईंना चोरीचा संशय आला त्याचे मूळ इथे आहे. त्यांनी बिनपरवान्याचा व्यवहार पाहिला होता, परवान्याचा नाही.

आता भाचीचे काम. मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीची मराठी विज्ञानमालिका आहे: मंगळावरची वसाहत, पाण्याचे भांडण, वगैरे. पहिल्या लेखकाने ४० भाग लिहून काम सोडले. पुढचे ६० भाग हिने लिहायचे. भागाला ४०० रुपये, म्हणजे सगळे मिळून २४,००० रुपये. दुल्हेभाईंचा आठवडी बाजारात बांगड्यांचा गाळा आहे. भाचीला बी.एड. करायचे आहे आणि फीचा मोठा भाग या पैशांतून निघत होता. तेव्हा हा शौकाचा प्रश्न नव्हता.

करार आला तो १४ पानांचा, इंग्रजीत. आम्ही ईशानंतर तो घेऊन बसलो आणि वाक्यावाक्याला मराठी करत गेलो. मजकूर कायमचा कंपनीचा, सर्व देशांत, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत. लेखकाचे नाव देणे बंधनकारक नाही. पैसे कधी मिळणार याची तारीख नाही. भाची म्हणाली, "मामू, सगळे असेच सही करतात." दुल्हेभाई गप्प होते.

तेव्हा आम्ही तिला ॲलन डीन फॉस्टर यांची हकीकत सांगितली. 'स्टार वॉर्स' चित्रपटावरची कादंबरी १९७६ साली, चित्रपटाच्या आधीच आली. ती लिहिली फॉस्टर यांनी, वर नाव छापले दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांचे. फॉस्टर यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, ते ठरलेलेच होते. तक्रार निघाली २०२० साली. मधल्या काळात ज्या कंपन्यांशी करार झाले होते त्या डिस्नेने विकत घेतल्या होत्या, पुस्तके विकली जात होती आणि आपला हिस्सा येणे थांबले आहे, असे त्यांनी जाहीर केले. अमेरिकेतली विज्ञानलेखकांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मालमत्ता विकत घेतली की तिच्यावरची देणीही अंगावर येतात, एवढेच तिचे म्हणणे होते. पुढे त्यांचा प्रश्न सुटला. पण तो सुटू शकला, कारण हिस्सा देण्याचे कलम कागदावर होते.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाला वाटते तितका उघड्यावर सोडत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हक्क विकल्यावरही 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकाकडे राहतो. आणि देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, सूरह बकरातली. आपण ती तिलावतीत वाचतो, पण सही करताना आठवत नाही.

भाचीने तीन गोष्टी कळवल्या. भागाच्या शेवटी तिचे नाव हवे. भाग दिल्यापासून १५ दिवसांत पैसे हवेत. पुस्तक निघाले किंवा दुसऱ्या भाषेत गेले तर वेगळी रक्कम हवी. आठ दिवस उत्तर नाही. दुल्हेभाई म्हणू लागले, हातचे गेले. मग उत्तर आले: नाव देऊ, पैसे ३० दिवसांत देऊ, तिसरी गोष्ट जमणार नाही. आमचे मत होते की तिसऱ्यासाठी अडून बसावे. तिचे मत वेगळे पडले. तिने साठऐवजी वीसच भागांचा करार मागितला आणि तो मिळवला. व्यवहार तिचा, तेव्हा निर्णयही तिचाच.

आतापर्यंत तिचे सात भाग गेले आहेत. कंपनीने मालिकेची एक वही दिली आहे. कोणाचे वय किती, कोण कोणाशी बोलत नाही, वसाहतीत किती माणसे, सगळे त्यात आहे. त्या माणसांत आपल्या भागातले कोणीच नव्हते. हिने पंप दुरुस्त करणारी एक बाई घातली, रुखसाना, सोलापूरची, कामापेक्षा बोलणे जास्त. ऐकणाऱ्यांना ती आवडली म्हणे, आणि कंपनीने आणखी चार भागांत तिला घ्यायला सांगितले. कराराप्रमाणे रुखसाना आता कंपनीची. उद्या दुसरा लेखक आला तर तो तिचे काय वाटेल ते करील. भाचीला हे ठाऊक आहे. रात्री भाग पाठवून झाला की ती एक दुसरी वही काढते. अम्मींच्या बोलण्यातले शब्द, कालव्याला पाणी सुटल्यावर रानात होणारी धावपळ, बाजारातल्या बायका, हे कंपनीला द्यायचे नाही म्हणून तिने बाजूला ठेवले आहे. ती वही तिने आम्हालाही अजून दाखवलेली नाही.