मधले दोन दिवस

डायलिसिस युनिटचं वेळापत्रक ठरलेलं असतं. काही जण सोम-बुध-शुक्र, बाकीचे मंगळ-गुरू-शनि. आठवड्याचे दिवस सात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एकदा सलग दोन मोकळे दिवस येतात. रुग्णाला ती सुट्टी वाटते. मी किडनीचा डॉक्टर, हृदयाचा नव्हे. पण माझ्या म्हाताऱ्या रुग्णांचं हृदय बिनसतं ते बरेचदा त्या सुट्टीच्या शेवटी. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजार रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही हेच होतं. लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त आणि हृदयाच्या तक्रारींसाठी ॲडमिट होणंही जास्त. हे झालं आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्यांचं. आपल्याकडे कितीतरी लोक दोनदाच येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजी कुठल्याच योजनेत बसत नाही. सोमवार-गुरुवार डायलिसिस म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार हे तिन्ही दिवस कोरडे.

या दिवसांत अंगात पाणी साठतं आणि पोटॅशियम साठतं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या कोठारात असतं; रक्तात दिसतं ते ओसरीवर आलेलं पसाभर. रिपोर्टमध्ये ते ३.५ ते ५ च्या आसपास असेल तर हृदयातली वीज सुरळीत वाहते. साडेसहा-सातच्या पुढे गेलं की काय होईल याचा भरवसा नाही. आणि म्हातारपणी हे कळतं फार उशिरा, कारण तक्रार हृदयाची नसतेच.

एका सोमवारी सत्तरीच्या पुढच्या एक आजी आल्या. छातीत दुखत नव्हतं, धडधड नव्हती. “पायातलं बळच गेलंय,” एवढंच त्यांचं म्हणणं. सून म्हणाली, “काल जेवल्या नाहीत, म्हणून दोन शहाळी दिली.” मॉनिटर लावला तर ठोके मिनिटाला ३६. ईसीजीत टी लहर उंच आणि टोकदार, पी लहर दिसेना, क्यूआरएस लहर रुंद पसरलेली; सगळ्या वाढलेल्या पोटॅशियमच्या खुणा. सिस्टरनी कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्युल शिरेतून सावकाश सोडायला घेतली आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे. तीनेक मिनिटांत ती रुंद लहर अरुंद होऊ लागली. या औषधाने पोटॅशियम जराही उतरत नाही. ते फक्त हृदयाला अर्धा-एक तास सांभाळतं. तेवढ्यात इन्शुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलायचं आणि मशीन लावायचं.

दोष एकट्या शहाळ्यातल्या पोटॅशियमचा नव्हता. आजी बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेत होत्या. ती गोळी ठोके मंद करते, वाढलेलं पोटॅशियमही मंद करतं, आणि दोन्ही जमले की एकमेकांना खाली खेचतात. लोकांना वाटतं, डायलिसिसच्या माणसाचं हृदय जोरात धावता धावता बंद पडत असेल. आम्हीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. मग अमेरिका आणि भारतातल्या मिळून ६६ रुग्णांच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवून सहा महिने पाहिलं गेलं. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर म्हणाव्यात अशा नोंदी दोन तृतीयांश लोकांत सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक नोंदी मंदावलेल्या ठोक्यांच्या होत्या. नेदरलँड्समध्ये डायलिसिसच्या रुग्णांना आधीच शॉक देणारं यंत्र बसवून पाहिलं होतं. अचानक मृत्यू त्याने कमी झाले नाहीत आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. श्रीमंत घरातली मुलं आजही विचारतात, “साहेब, बाबांना ते मशीन बसवून टाकू या का?” मी आधी डायलिसिसच्या वारांबद्दल बोलतो.

साठलेलं घाईने काढणं हा दुसरा धोका. म्हातारं हृदय आधीच जाड झालेलं, झडपांभोवती कॅल्शियम बसलेलं, विजेच्या वाटा झिजलेल्या. रक्तात पोटॅशियम साडेसहा आणि मशीनच्या द्रवात १ किंवा २ असेल, तर पहिल्या तासातच ते भराभर उतरतं, आणि ठोके चुकायला हा उतारही पुरतो. हृदयासाठीची डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर जास्तच. पाण्याचंही तेच. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी ओढू नये, असा साधारण संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला चार तासांत तीन लिटर झाले. पण माणूस साडेचार किलो वाढवून येतो आणि वर म्हणतो, “आज तासभर लवकर सोडा, लग्नाला जायचंय.”

दिवाळीत हे सगळं एकदम जमतं. सुकामेवा, केळी, फराळाबरोबर चहाचे चार कप, आणि भाऊबीजेला चुकवलेलं डायलिसिस. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ घरात असेल तर ते आधी बाजूला ठेवा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. चकलीची मला तेवढी भीती नाही. एखादी खा, पण वार चुकवू नका. आणि घसा धरला म्हणून मेडिकलमधून परस्पर ॲझिथ्रोमायसिन आणू नका, ठोक्यांवर त्याचाही परिणाम होतो.

आता एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचं थरथरणं. डायलिसिसवरच्या म्हाताऱ्यांत ते इतकं आढळतं, की नाडी हातात घेतली आणि ती अनियमित लागली तर मला आश्चर्य वाटत नाही. कधी मशीनवर असताना सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत आपोआप थांबतं. टिकून राहिलं तर गुठळी होऊन पक्षाघाताची भीती, म्हणून रक्त पातळ करायची गोळी. पण या लोकांना रक्तस्रावही लवकर होतो, आणि वॉरफरिनने रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठण्याला मदत होते. या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांमधून डायलिसिसचे रुग्ण वगळलेले होते. नंतर अपिक्सॅबानच्या दोन चाचण्या खास त्यांच्यासाठी झाल्या, पण त्या निकाल लागण्याइतक्या मोठ्या नव्हत्या.

त्यामुळे मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्यांना बहुधा कमी मात्रेत अपिक्सॅबान सुरू करतो. वारंवार पडणाऱ्या किंवा आतड्यातून रक्त गेलेल्या आजोबांना देत नाही, आणि का देत नाही ते मुलाला समोर बसवून सांगतो. गोळी चालू असेल तर टेक्निशियनला सांगून ठेवलेलं असतं, की फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या रक्तवाहिनीच्या, सुया काढल्यावर रक्त थांबायला किती मिनिटं लागली ते प्रत्येक वेळी वहीत लिहायचं. दहा मिनिटांत थांबणारं रक्त वीस मिनिटं घेऊ लागलं, की मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेलं त्या दिवशीचं हेपारिन आणि गोळीचा डोस दोन्ही पुन्हा पाहतो.